12 तारांची गिटार घ्यायची की नाही? आवाजाला भुलण्याआधी हे तपासून घ्या

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात ज्या कॉलेजच्या कट्ट्यावर कधीच वाजली नाही, असं कॉलेज सापडणं कठीण. वाजवणाऱ्याच्या कॉर्ड्स बरोबर असतात, बोटंही जागच्या जागी पडतात. तरीही मूळ रेकॉर्डिंगमधला तो झुळझुळता, भरलेला आवाज काही केल्या येत नाही. यात वाजवणाऱ्याची चूक नसते. ईगल्स बँडच्या डॉन फेल्डरने ती सुरुवात 12 तारांच्या ॲकॉस्टिक गिटारवर, सातव्या फ्रेटला कॅपो लावून वाजवली आहे. कट्ट्यावरच्या गिटारला तारा असतात 6.

एकदा हे कळलं की पुढचा विचार आपोआप येतो. मग आपणही 12 तारांचीच घेऊ या की! त्यात एखादी रील समोर येते. कुणीतरी साधी जी कॉर्ड वाजवतं आणि अख्खी खोली भरून जाते. बोट थेट 'बाय नाऊ'कडे वळतं.

पण ही गिटार घेऊन सहा महिन्यांत कपाटावर ठेवणारेही कमी नाहीत. आवाज आवडणं वेगळं आणि तो आवाज रोज आपल्या हाताने काढणं वेगळं. म्हणून आधी थोडक्यात उत्तर.

तुम्ही मुख्यतः कॉर्ड्स वाजवून गाता, किमान वर्षभराचा सराव आहे आणि घरी 6 तारांची एक गिटार आधीपासून आहे, तर 12 तारांची गिटार तुम्हाला खूप आनंद देईल. तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, किंवा तुमचा जीव सोलो, बेंडिंग आणि वेगवान सुरावटींत अडकला असेल, तर थांबलेलं बरं.

आता सविस्तर पाहू.

12 तारा म्हणजे नक्की काय?

नाव ऐकून वाटतं की या गिटारवर बारा वेगवेगळे सूर असतील आणि सगळं नव्याने शिकावं लागेल. तसं नाही. इथे तारांच्या 6 जोड्या असतात. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की बोटाने दाबताना आणि पिकने छेडताना त्या एकच तार असल्यासारख्या वागतात. त्यामुळे सी, जी, डी, ई मायनर अशा सगळ्या कॉर्ड्स जशाच्या तशा राहतात. 6 तारांवर जे येतं, ते इथेही येतं.

फरक जोडी कशी लावली आहे यात आहे. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. 12 तारांच्या गिटारवर सर्वांत बारीक दोन जोड्या, म्हणजे बी आणि वरचा ई, एकाच सुरात लावतात. उरलेल्या चार जोड्यांमध्ये एक तार नेहमीच्या सुरात असते आणि दुसरी तिच्या बरोबर एक सप्तक वर.

आकड्यांत सांगायचं तर सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते आणि तिची जोडीदार सुमारे 165 वेळा. जी तारेची गंमत आणखी वेगळी. नेहमीची जी 196 हर्ट्झवर असते आणि तिची जोडीदार 392 हर्ट्झवर. वरचा मोकळा ई सुमारे 330 हर्ट्झचा असतो. म्हणजे या गिटारवरचा सर्वांत उंच मोकळा सूर कडेच्या तारेचा नसून मधल्याच एका तारेचा असतो. ही तार साधारण 0.2 मिलिमीटर जाडीची असते आणि सगळ्यांत जास्त वेळा तुटतेही तीच. ही गोष्ट पुढे खर्चाच्या हिशेबात येणार आहे.

आवाज इतका भरलेला का वाटतो?

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे समजायला सोपं जाईल. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा जोडाच्या असतात. दोन्ही षड्जात लावलेल्या. शेवटची तार खर्जाची, म्हणजे तोच षड्ज एक सप्तक खाली. एकाच सुराचे हे थर एकमेकांत मिसळले की खोली सुराने भरून जाते. पेटीचंही तसंच. सिंगल रीडच्या पेटीपेक्षा डबल रीडची पेटी भरदार वाटते, कारण एक पट्टी दाबली की दोन सूर बोलतात.

12 तारांची गिटार याच दोन युक्त्या एकत्र वापरते. सप्तकाच्या जोड्या आवाजाला वरून चमक देतात. एकाच सुरातल्या जोड्या त्याला हलकी थरथर देतात.

ही थरथर येते कुठून? दोन तारा कितीही काळजीपूर्वक लावल्या, तरी त्या अगदी तंतोतंत सारख्या राहत नाहीत. समजा एक तार 330 हर्ट्झवर आहे आणि दुसरी 331 वर. दोन्ही एकत्र वाजल्या की आवाज सेकंदाला एकदा किंचित वाढतो आणि कमी होतो. हा फरक अगदी लहान असेपर्यंत कानाला गोड लागतो. कोरसमध्ये दहा जण एकच ओळ गातात तेव्हा आवाज मोठा वाटतो, त्यामागेही हेच आहे. पण फरक वाढला की गोडवा संपतो आणि गिटार सरळ सरळ बेसूर वाटायला लागते. म्हणजे जे या वाद्याचं सौंदर्य आहे, तेच त्याचं दुखणंही आहे.

आणखी एक बारकावा. बहुतेक 12 तारांच्या गिटारवर सप्तकाच्या जोडीतली बारीक तार वरच्या बाजूला असते. त्यामुळे हात खाली येताना आधी बारीक तार बोलते आणि मग जाड. रिकनबॅकर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारवर हा क्रम उलटा असतो. म्हणूनच साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमधला 12 तारांचा आवाज आणि आजच्या ॲकॉस्टिकचा आवाज अगदी एकसारखा येत नाही.

ही गिटार आली कुठून?

जोडीने तारा लावायची पद्धत जुनी आहे. मँडोलिनला 8 तारा 4 जोड्यांमध्ये असतात. जुन्या हिंदी गाण्यांत मँडोलिन भरपूर ऐकू येतं, त्यामुळे जोडतारांचा आवाज आपल्या कानांना नवा नाही.

12 तारांची गिटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळली. तिला खरी ओळख दिली ती लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने. 1933 मध्ये लोकगीतं गोळा करणारे लोमॅक्स पितापुत्र लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात पोहोचले, तेव्हा तो तिथे शिक्षा भोगत होता. स्टेला कंपनीची 12 तारांची गिटार आणि त्याचा दणदणीत आवाज हे पुढे समीकरणच झालं. तो ही गिटार नेहमीच्या सुरापेक्षा बऱ्याच खाली लावायचा. हे लक्षात ठेवा, कारण यात एक व्यावहारिक शहाणपण आहे.

1964 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकनबॅकरची 12 तारांची इलेक्ट्रिक गिटार आली आणि 'अ हार्ड डेज नाइट' चित्रपटात ती जगाने पाहिली. तो चित्रपट पाहून द बर्ड्स बँडच्या रॉजर मॅग्विनने तशीच गिटार घेतली. 1965 च्या 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन'मध्ये तिचा आवाज घरोघरी पोहोचला. 1975 मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'ची सुरुवात डेव्हिड गिलमरने 12 तारांच्या ॲकॉस्टिकवर केली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस 'हॉटेल कॅलिफोर्निया' अल्बम आला.

या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट समान आहे. 12 तारांची गिटार तिथे कॉर्ड्स आणि आर्पेजिओसाठी वापरली आहे, म्हणजे कॉर्डमधले सूर एकामागून एक छेडण्यासाठी. 'विश यू वेअर हिअर'मध्ये त्या सुरुवातीवर येणारा सोलो गिलमरने 6 तारांच्या ॲकॉस्टिकवर वाजवला आहे.

हाताला किती जड जाते?

तारा दुप्पट म्हणजे मेहनतही दुप्पट, असं नाही. 12 तारांच्या सेटमधल्या तारा तुलनेने बारीक असतात. साधारण हिशेब केला तर एक जोडी दाबायला 6 तारांच्या गिटारवरच्या एका तारेच्या जवळपास दीडपट ताणाशी झगडावं लागतं. मोकळ्या कॉर्ड्समध्ये हे फारसं जाणवत नाही. पण एफ किंवा बी मायनरसारखी बार कॉर्ड पकडली की पहिलं बोट एकदम 12 तारांवर पडतं. जोडीतली एक तार नीट दाबली गेली आणि दुसरी नाही, तर लगेच खर्र आवाज येतो.

गिटारचा गळाही रुंद असतो. 6 तारांच्या ॲकॉस्टिकला नटजवळ तो साधारण 43 ते 44 मिलिमीटर असतो, तर 12 तारांच्या गिटारवर बहुतेकदा 47 ते 48 मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हात लहान असेल तर अंगठा आणि मनगट यांच्यावर हा फरक तासाभरात जाणवतो.

दुखणं अंगावर काढू नका, हे इथे सांगायलाच हवं. 6 आणि 12 तारांच्या वादनासाठी जगभर नावाजलेल्या लिओ कॉटकी या अमेरिकन वादकाला ऐंशीच्या दशकात हाताच्या स्नायुबंधांच्या त्रासामुळे उजव्या हाताची पद्धतच बदलावी लागली. बोटांच्या टोकांना घट्टे पडणं आणि पहिले काही दिवस हुळहुळणं ठीक आहे. मनगटात किंवा कोपरापर्यंत कळ जाणं ठीक नाही. असं झालं तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या वादनाला ती जमेल का?

निर्णय खरं तर इथेच होतो. तुम्ही गेल्या महिनाभरात काय वाजवलं, ते आठवा आणि पुढची यादी वाचा.

स्ट्रमिंग करून गाणं: उत्तम जमते. एकटा गायक आणि एक गिटार असा कार्यक्रम असेल तर 12 तारा मागे अख्खा पडदा उभा करतात. सावकाश आणि मध्यम लयीच्या गाण्यांत तर बहारच. कॉर्ड वाजवून थोडं थांबलं तरी पोकळी वाटत नाही.

पिकने आर्पेजिओ: हीदेखील तिची हक्काची जागा. एकेक जोडी मोकळी वाजू दिली की सूर एकमेकांवर चढत जातात.

बोटांनी वाजवणं: जमतं, पण वेगळा सराव लागतो. नखाने वाजवणाऱ्यांचं नख कधी दोन तारांच्या मध्ये अडकतं, कधी जोडीतली एकच तार बोलते. बोटाच्या मांसल भागाने दोन्ही तारा एकदम छेडायची सवय करावी लागते.

बेंडिंग आणि ब्लूज पद्धतीचे सोलो: इथे सरळ नाही म्हणावं लागेल. दोन तारा एकदम ओढल्या की त्या सारख्या प्रमाणात ताणल्या जात नाहीत आणि सूर फाटतो. मींड हाच ज्यांच्या वादनाचा जीव आहे, त्यांनी 6 तारांवरच राहावं.

वेगवान, तोडून तोडून वाजणारी लय: अवघड आहे. हाताने आवाज दाबला तरी एखादी बारीक तार मागे गुणगुणत राहते. फंक किंवा झपाट्याच्या नाचगाण्यांत त्यामुळे ठेका धूसर होतो.

बँडमध्ये वाजवणं: विचार करून. कीबोर्ड, दुसरी गिटार, झांज हे सगळे आवाजाच्या वरच्या पट्टीत गर्दी करतात. त्यात 12 तारांची चमक मिसळली की गायकाचे शब्द बुडतात. एका गाण्यापुरती ती सुंदर वाटते, पण अख्ख्या कार्यक्रमात नको होते.

आता साधा हिशेब. तुमच्या दहा गाण्यांपैकी सात-आठ पहिल्या दोन प्रकारांत बसत असतील, तर पुढे जायला हरकत नाही. दोन-तीनच बसत असतील, तर हजारो रुपये त्या दोन-तीन गाण्यांसाठी जाणार आहेत हे समजून घ्या.

ट्यूनिंग: रोजची किंमत

12 तारांची गिटार विकत घेणाऱ्याला सुरुवातीला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येत असेल, तर तो ट्यूनिंगचा. तारा दुप्पट, पण काम दुपटीहून जास्त. कारण प्रत्येक तार नुसती ट्यूनरवर बरोबर असून भागत नाही, ती आपल्या जोडीदाराशीही जुळावी लागते.

दोन तारा एकदम वाजवल्या की खुंट्यांच्या जवळ लावायचा ट्यूनरही गोंधळतो. म्हणून पद्धत अशी ठेवा. जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करा. आधी नेहमीच्या सुराची तार लावा. मग ती गप्प करून तिची जोडीदार लावा. शेवटी दोन्ही एकत्र वाजवून कानाने ऐका. थरथर भरभर येत असेल तर अजून फरक आहे. ती मंद होत होत जवळजवळ थांबली की जोडी जुळली. सूर नेहमी खालून वर आणा, म्हणजे तार खुंटीवर ढिली राहत नाही.

सप्तकाची बारीक जी तार सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू लावा. ती तुटायची वाट बघतच बसलेली असते. तिच्या दोन-तीन सुट्या तारा पिशवीत ठेवणं शहाणपणाचं.

आता लेड बेलीची युक्ती आठवा. आजही 12 तारांच्या गिटारचे कितीतरी वादक ती अर्धा किंवा एक सूर खाली लावतात आणि मूळ पट्टी हवी असेल तेव्हा पहिल्या किंवा दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावतात. गिटार एक सूर, म्हणजे दोन फ्रेट खाली लावली की तारांचा ताण सुमारे 20 टक्के कमी होतो. बोटांना सोपं, तारा कमी तुटतात आणि गिटारचं आयुष्यही वाढतं. फक्त कॅपो चांगल्या पकडीचा घ्या. कमजोर कॅपो जाड आणि बारीक तार सारखी दाबू शकत नाही आणि लावलेला सूर पुन्हा बिघडतो.

गिटारवरचा ताण आणि आपली हवा

6 तारांच्या ॲकॉस्टिकवर हलक्या तारांचा एकूण ताण साधारण 70 ते 75 किलो असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस कायम त्या गिटारला लटकलेला आहे असं समजा. 12 तारांवर हाच ताण 110 किलोच्या आसपास जातो. त्या माणसाच्या खांद्यावर आणखी एक दहा-अकरा वर्षांचं मूल बसलं.

हा ताण पेलायला 12 तारांच्या गिटारचा गळा आणि आतल्या पट्ट्या तशाच ताकदीच्या कराव्या लागतात. म्हणून 6 तारांच्या गिटारला जास्तीच्या खुंट्या बसवून 12 तारांची करून देण्याचा जुगाड कुणी सुचवला तर हात जोडा. काही महिन्यांत गळा वाकेल किंवा ब्रिज उखडेल.

त्यात आपलं हवामान. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा बोटांपासून लांब जातात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलट होतं. लाकूड आकसतं आणि तडा जायची भीती असते. ॲकॉस्टिक गिटारसाठी 45 ते 55 टक्के आर्द्रता चांगली मानतात. प्रत्येक घरात ती राखणं शक्य नाही, पण गिटार भिंतीवर उघडी टांगण्यापेक्षा कडक पेटीत ठेवणं, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार कधीच न सोडणं एवढं तर करता येतं. महिनाभर वाजवणार नसाल तर सगळ्या तारा एक सूर उतरवून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर तारांचा सेट साहजिकच महाग पडतो आणि लहान गावांतल्या दुकानांत तो सहसा हाताशी नसतो. तारा बदलायला नवख्या माणसाला तासभर सहज जातो. वर्षातून एकदा जाणकाराकडून सेटअप करून घ्यावा लागतो, तोही हिशेबात धरा.

दुकानात गेल्यावर काय तपासाल?

शक्य असेल तर ही गिटार हातात घेतल्याशिवाय मागवू नका. दुकानात नसेल तर कुणा ओळखीच्या वादकाकडची अर्धा तास वाजवून पाहा. मग पुढच्या गोष्टी बघा.

पहिल्या फ्रेटवर एफ बार कॉर्ड पकडा आणि एकेक जोडी छेडा. दोन्ही तारा स्वच्छ बोलल्या पाहिजेत. इथे फारच जोर लागत असेल तर एक तर नटच्या खाचा उंच आहेत किंवा ही गिटार तुमच्या हाताची नाही.

बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची पाहा. जाड ई तारेखाली साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त जागा असेल तर रोज वाजवणं कष्टाचं होईल.

प्रत्येक जोडी मोकळी वाजवा आणि मग बाराव्या फ्रेटला दाबून वाजवा. मोकळी जुळते पण वर गेल्यावर फाटते, असं होत असेल तर ती गिटार सोडा.

ब्रिज बाजूने नीट निरखा. मागच्या बाजूला फट दिसते का? ब्रिजच्या मागे लाकूड फुगल्यासारखं दिसतं का? जुनी गिटार घेताना हे दोनदा तपासा. अशा गिटारचा गळा काढून पुन्हा बसवण्याचा खर्च कधी कधी गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

पट्टा लावून उभं राहा. 12 खुंट्यांमुळे डोकं जड असतं. हात सोडल्यावर गळा खाली झुकत असेल तर उभ्याने दोन तास वाजवताना डावा हात त्यातच थकणार.

शेवटी तुमचं रोजचं एक पूर्ण गाणं वाजवा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' नको. ते या गिटारवर छानच वाटणार.

गिटार न घेता हा आवाज मिळेल का?

बऱ्याच अंशी मिळेल, आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही.

पहिला मार्ग म्हणजे नॅशव्हिल ट्यूनिंग. 12 तारांच्या सेटमधल्या फक्त सप्तकाच्या बारीक तारा आणि वरच्या बी, ई तारा घ्यायच्या आणि त्या साध्या 6 तारांच्या गिटारवर चढवायच्या. आवाज एकदम हलका, काचेसारखा होतो. एकदा नेहमीच्या गिटारवर आणि एकदा या गिटारवर तोच भाग रेकॉर्ड करून दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की 12 तारांचा भास होतो. स्टुडिओत ही युक्ती वर्षानुवर्षं वापरतात. घरी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून रील बनवणाऱ्यांसाठी तर ही सर्वांत स्वस्त सोय. एक तारांचा सेट आणि घरात पडून असलेली एक जुनी गिटार पुरते.

दुसरा मार्ग पेडलचा. गिटारमध्ये पिकअप असेल तर कोरस पेडल थरथर देतं आणि ऑक्टेव्ह पेडल वरचं सप्तक जोडतं. अगदी हुबेहूब नाही, पण कार्यक्रमात एका गाण्यापुरतं चालून जातं आणि ट्यूनिंगची कटकट वाचते.

तिसरा मार्ग, ज्यांनी 12 तारांची आधीच घेतली आहे आणि पस्तावत आहेत त्यांच्यासाठी. सगळ्या 12 तारा चढवल्याच पाहिजेत असं नाही. काही वादक फक्त दोन-तीन जोड्या ठेवतात आणि बाकी तारा एकेकट्या लावतात. चमक राहते, बोटांना आराम मिळतो.

मग ठरवायचं कसं?

तीन प्रश्नांची खरी उत्तरं स्वतःला द्या.

घरी चांगली 6 तारांची गिटार आहे का? नसेल तर आधी ती घ्या. 12 तारांची गिटार घरातली एकमेव गिटार म्हणून फार क्वचित पुरते. शिकणाऱ्याला तर ती नकोच. दुखरी बोटं आणि बेसूर तारा यांच्यामध्ये शिकणंच राहून जातं.

बार कॉर्ड्स न अडखळता येतात का आणि कानाला बेसूर कळतं का? दोन्हींपैकी एक जरी 'नाही' असेल तर अजून सहा महिने द्या. गिटार कुठे पळून जात नाही.

ट्यूनिंगला दहा मिनिटं द्यायचा स्वभाव आहे का? हा प्रश्न विनोदी वाटेल, पण बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. मैफलीआधी तंबोरा जुळवणाऱ्या कलाकाराला ती दहा मिनिटं वाया गेली असं वाटत नाही. त्याच्यासाठी गाणं तिथूनच सुरू झालेलं असतं. ज्याला गिटार उचलली की लगेच वाजवायची असते, त्याने 6 तारांची उचलावी.

तिन्ही उत्तरं 'हो' आली, तर गिटार जरूर घ्या. पहिल्या दिवशी ती एक सूर खाली लावा आणि साधी जी कॉर्ड हळूच वरून खाली छेडा. रीलमध्ये ऐकलेला तो आवाज आता तुमच्या खोलीत असेल.